इद्दत कुणी पाळायची?

सोलापूरचा भुईकोट किल्ला सोळाव्या शतकात दोन वेळा लग्नाच्या बोलणीत आला. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा निकाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी सोलापुरात लागला. तेव्हा हा किल्ला वराकडे द्यायचे ठरले, पण प्रत्यक्षात तो दिला गेला नाही आणि दोन्ही शाह्या त्यावरून पुढे वर्षानुवर्षे लढत राहिल्या. चाळीसेक वर्षांनी बोलणी उलट दिशेने झाली. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला दिली गेली आणि सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर विजापूरकडे गेला. १५८० मध्ये अलीचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम बसला आणि त्याचे पालकत्व चांदबिबीकडे आले. गरोदर नसलेल्या मुस्लिम विधवेने चार महिने दहा दिवस इद्दत, म्हणजे पुनर्विवाहाआधी थांबण्याची मुदत, पाळावी, याबाबत शिया आणि सुन्नी या दोन्ही पंथांत दुमत नाही. पण विधवापणाच्या त्या पहिल्याच महिन्यांत चांदबिबीला एका बाळराजाची गादी राखायची होती. कारभारी कामिलखान डोईजड झाला तेव्हा तिने किश्वरखानाच्या मदतीने त्याला दूर केले. पुढे तोच किश्वरखान उलटला आणि त्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले. नवरा गेलेल्या बाईने मुदत संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसावे, एवढाच इद्दतीचा अर्थ असता तर दख्खनच्या इतिहासातले हे पान लिहिले गेले नसते. मग तो अर्थ नेमका काय होता आणि चारशे वर्षांत त्याचे काय झाले, याचा शोध घ्यायचा तर राजवाड्यातून बाहेर पडून फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्राच्या, ग्रंथांकडे आणि तिथून मुंबई इलाख्याच्या कोर्टकचेऱ्यांकडे यावे लागते.

नियम आधी थोडक्यात सांगायला हवेत, कारण एरवी इद्दतीबद्दल ऐकीव बोलणेच जास्त चालते. तलाक झालेल्या स्त्रीने तीन मासिक पाळ्यांचा काळ थांबायचे. पाळी येत नसेल तर तीन चांद्रमहिने. ती गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत. विधवेने चार महिने दहा दिवस. निकाह होऊनही पती-पत्नी एकत्र आले नसतील आणि तलाक झाला असेल तर इद्दतच नाही. ही सगळी तपशीलवार विभागणी कुराणातच, अल-बकरा, अल-अहजाब आणि अत-तलाक या सूरांमध्ये आहे. या काळात दुसरे लग्न करता येत नाही, उघड मागणीही घालता येत नाही. मात्र अत-तलाक या सूरेत स्त्रीला जितका बंध आहे त्याहून जास्त पुरुषाला आहे. मुदत नीट मोजा, तिला घराबाहेर काढू नका, तुमच्या ऐपतीप्रमाणे तुम्ही राहता तिथेच तिलाही ठेवा, ती गरोदर असेल तर प्रसूतीपर्यंत तिचा खर्च करा, अशा सूचना तिथे आहेत आणि त्या पुरुषांना उद्देशून आहेत. परत घेता येण्यासारखा तलाक असेल तर इद्दत चालू असेतो लग्न मोडलेलेच नसते. नवरा शब्द मागे घेऊ शकतो, आणि तो त्या काळात वारला तर पत्नी म्हणून तिचा वारसा शाबूत राहतो. सुन्नींच्या हनफी पंथाच्या कायद्यात एक बारीक कलमही आहे, ते फारसे कुणाला ठाऊक नसते. पहिल्या बायकोची इद्दत संपेपर्यंत नवऱ्याला तिच्या बहिणीशी निकाह करता येत नाही. म्हणजे एका मर्यादित बाबतीत का होईना, थांबणे त्याच्याही वाट्याला आहे.

माझे म्हणणे असे, की इद्दत ही मुळात एक देवाणघेवाण आहे. स्त्रीने आपला काही काळ राखून ठेवायचा आणि त्या काळाची भाकरी व छप्पर पुरुषाने पुरवायचे. याचा सर्वात स्पष्ट पुरावा ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात सापडतो, आणि तो सहसा उद्धृत होत नाही. तलाक झालेल्या स्त्रीने इद्दतीत घराबाहेर पडू नये, असे हा ग्रंथ सांगतो. विधवेला मात्र तो दिवसा आणि रात्रीच्या काही वेळापर्यंत बाहेर जायची मुभा देतो, मुक्काम तेवढा स्वतःच्या घरी हवा. हा फरक का, याचे कारण ग्रंथकार लपवत नाही. तलाक झालेल्या स्त्रीला नवऱ्याकडून नफका, म्हणजे खर्च, मिळतो. विधवेला तो मिळत नाही, म्हणून पोटापाण्यासाठी तिला बाहेर पडावे लागेल. विधवेला वारसाहक्क आहे, मुले असतील तर मालमत्तेचा आठवा हिस्सा आणि नसतील तर चौथा. पण हिस्सा हातात पडेपर्यंत चूल थांबत नाही, हे त्या फकिहांना कळत होते. हदीसमध्येही जाबिर यांच्या मावशीची हकिकत आहे. तलाकनंतरच्या इद्दतीत तिला आपल्या खजुरीची फळे उतरवायला जायचे होते. कुणीतरी तिला अडवले, तेव्हा ती पैगंबरांकडे गेली आणि त्यांनी तिला जाऊ दिले. घरात राहणे आणि खर्च मिळणे ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. एक टोक सुटले की दुसरे ढिले होते, हे मध्ययुगीन कायदेपंडितांना मान्य होते. ते आपल्या काळातल्या मोहल्ल्याला आणि कोर्टाला मान्य करायला फार जड गेले.

यावर पहिला आक्षेप शास्त्रीय बाण्याचा असतो. इद्दत ही पोटातल्या मुलाचा बाप कोण हे ठरवण्यासाठी होती, आता रक्ताच्या आणि डीएनएच्या चाचण्या आहेत, तेव्हा हा नियमच कालबाह्य झाला, असे म्हटले जाते. पितृत्व हे एक कारण होते, यात शंका नाही. पण तेवढेच असते तर पाळी गेलेल्या साठीच्या बाईला तीन महिने थांबायला कशाला सांगितले? आणि लग्नानंतर नवऱ्याचे तोंडही न पाहिलेल्या विधवेला चार महिने दहा दिवस का? जगात इतरत्रही असे थांबण्याचे कायदे होते. फ्रान्समध्ये विधवा आणि घटस्फोटितेला तीनशे दिवस थांबावे लागे, तो नियम २००४ मध्ये रद्द झाला. जपानमध्ये सहा महिन्यांची अट होती, ती २०१६ मध्ये शंभर दिवसांवर आली आणि २०२४ मध्ये गेली. आपल्या हिंदू विवाह कायद्यातही घटस्फोटानंतर एक वर्ष पुनर्विवाह करता येत नसे. ती अट स्त्री-पुरुष दोघांनाही होती आणि १९७६ मध्ये काढली गेली. फ्रान्स आणि जपानच्या नियमांत मूल कुणाचे एवढाच प्रश्न होता, म्हणून विज्ञान पुढे गेल्यावर ते सहज गळून पडले. इद्दतीत समेटाची मुदत आहे, शोक आहे, निवारा आहे आणि पैसा आहे. चाचणीचा कागद यातल्या एकाच गोष्टीचे उत्तर देतो.

मुदतीला शेवट आहे, हेही विसरू नये. इस्लामपूर्व अरबस्तानात विधवेला वर्षभर एका कोंदट खोपटात, जुनेर नेसून, अंगाला सुवास न लावता काढावे लागे, असे हदीस सांगते. त्याच्या तुलनेत चार महिने दहा दिवस ही कपात होती. तुलना सोलापूर जिल्ह्यातच करायची तर पंढरपूर जवळ आहे. प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये तिथे अनाथ बालकाश्रम काढला, तो मुख्यतः विधवांच्या पोटी जन्मलेल्या आणि लोकलाजेने टाकून दिल्या जाणाऱ्या अर्भकांसाठी. उच्चवर्णीय हिंदू विधवेचे थांबणे कधी संपतच नव्हते, १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा होऊनसुद्धा. अर्थात यावरून मुसलमानांनी फार पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. स्वतःला अश्राफ, म्हणजे खानदानी, म्हणवणाऱ्या घरांत विधवेचे दुसरे लग्न कमीपणाचे मानले जाईच, आणि हालींसारख्या कवीला १८८० च्या दशकात उर्दूत विधवेची कैफियत मांडावी लागली ती उगीच नाही. दख्खनमधल्या बागवान, पिंजारी, मोमीन, मणियार अशा कष्टकरी जमातींत मात्र हातावरच्या पोटाला फार काळ सोवळे परवडत नव्हते, मग धर्म कोणताही असो.

देवाणघेवाणीचा हा तोल बिघडवला तो प्रथम एका दमात दिलेल्या तीन तलाकने. यात इद्दतीचा पुरुषाकडचा भाग एका क्षणात नाहीसा होतो. समेटाची मुदत नाही, विचार बदलण्याची सोय नाही. त्याने थांबायचे काही उरत नाही आणि तिचे तीन महिने मात्र जसेच्या तसे राहतात. हनफी परंपरेने अशा तलाकला पाप म्हटले आणि तरी तो लागू होतो असे मानले. इंग्रजी न्यायालयांनी यातला पापाचा भाग मौलवींसाठी ठेवला आणि लागू होण्याचा भाग तेवढा उचलला. १९०५ चा मुंबई उच्च न्यायालयातला साराबाई विरुद्ध राबियाबाई हा खटला याचा नमुना आहे. नवरा दोन साक्षीदार घेऊन काझीकडे गेला, बायको समोर नसताना तिला तलाक दिला, तलाकनामा लिहवून घेतला आणि मग तो कागद व इद्दतीची रक्कम तिच्यापर्यंत पोचवायची खटपट केली. ती काही हाती लागली नाही. थोड्याच दिवसांत नवरा वारला. आपण त्याची पत्नी होतो, असे म्हणत ती न्यायालयात आली. न्यायमूर्ती बॅचलर यांनी असा तलाक धर्मदृष्ट्या वाईट असला तरी कायद्याने पक्का असल्याचे सांगितले. बाई हरली. इथे इद्दत कशी दिसते ते पाहण्यासारखे आहे. ती आता मुदत राहिलेली नाही, एक रक्कम झाली आहे, पाकिटात घालून पाठवता येण्यासारखी.

हे स्थित्यंतर घडायला न्यायव्यवस्थेची रचनाही कारणीभूत झाली. औरंगजेबाच्या हुकमाने संकलित झालेला ‘फतावा-ए-आलमगिरी’ आणि १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजीत आणलेला ‘हिदाया’ हे इंग्रज न्यायाधीशांचे आधार होते. (हाच औरंगजेब १६९५ पासून चारेक वर्षे मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला छावणी करून होता. सोलापूर जिल्ह्याचा आणि या कायदाग्रंथाचा एवढा तरी दूरचा संबंध आहे.) फिकहचा ग्रंथ हा मतभेदांचा साठा असतो. काझीने समोरचे कुटुंब, त्याची ऐपत, गावचा रिवाज पाहून त्यातले मत निवडावे, अशी अपेक्षा असते. १८६४ च्या कायद्याने सरकारने काझी नेमणे बंद केले. १८८० च्या कायद्याने नेमणुका पुन्हा सुरू झाल्या, पण काझीच्या हाती निकाह लावण्या-नोंदवण्यापलीकडे निवाड्याचा अधिकार उरला नाही. नवऱ्याला बोलावून ‘मुदत संपेपर्यंत हिला घरात ठेव आणि खर्चाला इतके दे’ असे दटावणारा गावातला माणूस त्यामुळे हरपला. जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे आले ते ग्रंथातले एक कोरडे वाक्य: इद्दतीनंतर नवऱ्याची जबाबदारी संपते.

त्या वाक्याचा उपयोग फौजदारी संहितेत झाला. १८९८ च्या संहितेच्या कलम ४८८ प्रमाणे कोणत्याही धर्माच्या पत्नीला नवऱ्याकडून पोटगी मागता येई, पण ती पत्नी असेपर्यंतच. त्यामुळे मुस्लिम नवऱ्याविरुद्ध हुकूम झाला किंवा होऊ घातला की तो तलाक देऊन मोकळा होई, आणि इद्दतीचे तीन महिने भरले की हुकूमही संपे. बाईच्या भाकरीसाठी आखलेली मुदत नवऱ्याच्या सुटकेची तारीख झाली. १९७३ च्या नव्या संहितेत कलम १२५ आले आणि ‘पत्नी’मध्ये घटस्फोटितेचाही समावेश झाला, तेव्हा हा दरवाजा बंद होईल असे वाटले. पण मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या राखणदारांनी आवाज उठवला आणि कलम १२७ मध्ये एक खिडकी उघडी राहिली: रिवाजाप्रमाणे तलाकवेळी द्यायची रक्कम दिली असेल तर पोटगी रद्द करता येईल. ही रक्कम किती असे, याचा अंदाज मुंबईच्या बाई ताहिरा खटल्यातून येतो. १९६२ च्या तडजोडीत तिला मेहर (निकाहात नवऱ्याने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम) म्हणून ५००० रुपये आणि इद्दतीचे म्हणून १८० रुपये मिळाले होते. महिन्याला ६० रुपये. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले, की दिलेली रक्कम जगण्याच्या खर्चाशी काही नाते सांगत असेल तरच नवरा सुटेल, नावापुरत्या पैशाने सुटणार नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोर्टाबाहेर आणला तो समाजसुधारक हमीद दलवाई यांनी. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रिया त्यांच्याबरोबर मुंबईच्या विधानभवनावर चालून गेल्या. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई १९७७ मध्ये गेले, पण मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई, हुसेन जमादार आदींनी काम चालू ठेवले. १९८५ मध्ये त्यांनी कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा काढला, तेव्हा देशभर शाहबानो प्रकरण धुमसत होते. इंदूरच्या एका वकिलाने लग्नाला चाळीसहून अधिक वर्षे झाल्यावर घराबाहेर काढलेल्या पत्नीने, म्हणजे शाहबानोने, पोटगी मागितली, तेव्हा त्याने दावा चालू असतानाच तलाक दिला आणि मेहरचे ३००० रुपये भरून इद्दत संपल्याचे सांगितले. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये ठरवले होते, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो हुकूम कायम केला. तसे करताना त्यांनी घटस्फोटितांना रीतीप्रमाणे तरतूद द्यावी असे सांगणाऱ्या कुराणातल्या आयतीचा आधारही घेतला. कोर्टाने कुराणाचा अर्थ लावू नये, अशी ओरड झाली. या ओरडीला जुना आधार होता. १८९७ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने कुलसुम बीबी खटल्यात, जुन्या भाष्यकारांना डावलून आम्ही आयतींचा नवा अर्थ लावणार नाही, असे म्हटले होते. पण जुन्या भाष्यकारांचेच ऐकायचे तर सगळे ऐकायला हवे. त्यांनी इद्दतीत निवारा सांगितला आहे, ऐपतीप्रमाणे खर्च सांगितला आहे आणि एका दमातला तलाक पाप ठरवला आहे. खटल्यांमध्ये नवऱ्यांच्या वकिलांनी यातले सोयीचे तेवढे वाचून दाखवले.

राजीव गांधी सरकारने १९८६ मध्ये केलेला मुस्लिम महिलांचा कायदा हा निकाल उलटवण्यासाठीच आला, अशी सर्वांचीच समजूत होती. विरोधकांची आणि समर्थकांचीही. पण त्याच्या कलम ३ मध्ये नवऱ्याने ‘वाजवी व न्याय्य तरतूद आणि पोटगी’ इद्दतीच्या काळाच्या आत करावी व द्यावी, असे लिहिले गेले. आता ही मुदत पैसे देण्याची आहे की पैसे पुरण्याची? गुजरात उच्च न्यायालयाने १९८८ मध्येच पहिला अर्थ धरला. काही न्यायालयांनी दुसरा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये ठरवले, की तरतूद इद्दतीच्या आत करायची, पण ती पुढच्या आयुष्याचा विचार करून. २८ सप्टेंबर २००१ रोजी डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच देशासाठी पक्के केले. लतिफी हे शाहबानोचे वकील होते, हा योगायोग इतिहासाला शोभणारा आहे. या निकालांवर असा आक्षेप घेतला जातो, की न्यायाधीशांनी संसदेचा हेतू पिळून हवा तो अर्थ काढला. हेतूपुरते ते खरेही असेल. मात्र इद्दतीच्या जुन्या तर्काशी त्यांचा अर्थ जास्त जुळतो. पुरुष मोकळा होण्याआधी त्याने देणे चुकते करावे, मुदत त्याच्या देण्याची असावी, हे अत-तलाक या सूरेच्या रोखाला धरून आहे. कोकणातले एक प्रकरण याचे फळ दाखवते. नवरा सौदी अरेबियात नोकरीला, तलाक २००८ मध्ये टपालाने. चिपळूणच्या न्यायालयाने बाईला ४ लाख ३२ हजार रुपये मंजूर केले, खेडच्या सत्र न्यायालयाने ते ९ लाख केले. तिने मध्यंतरी दुसरे लग्न केले असल्याने देणे संपले, असे नवऱ्याचे म्हणणे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. तलाकच्या दिवशी उभा राहिलेला हक्क तिच्या पुढच्या लग्नाने पुसला जात नाही. आणि १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम घटस्फोटितेला कलम १२५ चाही मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले.

सोलापुरात या निकालांचा अर्थ कोणत्या घरात किती पोचतो, हे बाईच्या कामावर ठरते. २०११ च्या जनगणनेत शहराच्या साडेनऊ लाख वस्तीत मुसलमान सुमारे पाचवा हिस्सा होते. गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमाग, शिलाई, फळभाजीचा धंदा आणि बिडी यांवर गरीब घरे चालतात. बिडीचे काम घरी बसून होते, म्हणून इद्दतीत बसलेल्या बाईला ते करता येईल, असे वरवर वाटते. पण पाने आणि तंबाखू कारखान्यातून आणावी लागतात आणि वळलेल्या बिड्या मोजून तिथेच जमा कराव्या लागतात. तीन-चार महिने ती स्वतः गेली नाही तर कुणाच्या तरी हातून करावे लागते, नाहीतर काम बंद. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत. १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. मुसलमानांकडे नुसते धर्माच्या चष्म्यातून पाहू नका, त्यांची जात, व्यवसाय, प्रदेश पाहा, असा त्यांचा आग्रह असे. इद्दतीला तो आग्रह लावला तर दिसते, की ज्या घरात साठवलेले धान्य आहे तिथे ही मुदत शोकाची आणि विश्रांतीची होते. रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात ती उपासमारीची होऊ शकते. ‘हिदाया’ने विधवेला दिवसा बाहेर जाऊ दिले ते हेच ओळखून. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यात आज मुस्लिम विधवा कामगाराला चार महिने दहा दिवसांची भरपगारी रजा आहे. कट्टरपणासाठी ज्या देशाचे नाव घेतले जाते त्याने थांबण्याची किंमत मालकाच्या खात्यावर टाकली.

श्रद्धावंतांचा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे. इद्दत ही अल्लाहची आज्ञा आहे, तिला व्यवहार म्हणणे हा तिचा अवमान आहे, नवऱ्याने काही दिले नाही तरी मोमीन स्त्री ती पाळेलच. तिने पाळावी, तो तिचा अधिकार आहे, आणि तिच्या शोकाला बाहेरच्या कुणी मुदत किंवा माफी सांगू नये. पण आज्ञा देणाऱ्यानेच निवारा आणि खर्च पुरुषावर सोपवला आहे. बाईने बाहेर पाऊल टाकले की मोहल्ल्यात चर्चा होते. नवऱ्याने खर्च बुडवला तर तो दोघांतला खासगी मामला ठरतो. श्रद्धेची कसोटी एकाच बाजूची घेतली जाते, एवढेच म्हणायचे आहे. उलट बाजूने, समान नागरी कायद्याचे काही पुरस्कर्ते इद्दत सरळ मोडीत काढा म्हणतात. उत्तराखंडच्या संहितेने पुनर्विवाहाआधीच्या अशा अटींना मनाई केली आहेच. सक्ती नको, हे योग्य. पण थांबण्याची अट गेल्याने पैसा येत नाही, आणि परत घेता येणाऱ्या तलाकमधली समेटाची मुदत ही पुरुषाच्या रागाला घातलेली खीळ होती, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

ती खीळ कायद्याने पुन्हा बसवली ती एका दमातला तलाक रद्दबातल ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०१७ च्या शायरा बानो निकालाने. मुंबईच्याच दुसऱ्या एका पूर्णपीठाने २००२ मध्ये, तलाक झाला असे नुसते लिहून चालणार नाही, कारण आणि समेटाचे प्रयत्न सिद्ध करावे लागतील, असे सांगून पाया घातला होता. २०१९ च्या कायद्याने एका दमातला तलाक निरर्थक ठरवला आणि तो देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. पत्नीला निर्वाहभत्ता मागता येतो. पण तुरुंगाच्या भीतीने आता अनेकदा तलाकचा शब्द उच्चारण्याचीच गरज भासत नाही, नवरा नुसता निघून जातो किंवा तिला माहेरी आणून सोडतो. अशा बाईला तलाक झालेला नाही, म्हणून तिची इद्दत सुरूच होत नाही आणि तिला दुसरे लग्नही करता येत नाही. खुला, म्हणजे पत्नीच्या मागणीवरून होणारा विवाहविच्छेद, मागितला तर बहुधा मेहरवर पाणी सोडावे लागते आणि नवऱ्याची संमती लागते, असेच बहुतेक काझी मानतात. उरतो १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. नवऱ्याने दोन वर्षे खर्च दिला नाही, या कारणावर त्यात लग्न मोडून मिळते. ती दोन वर्षे भरायची, मग दिवाणी किंवा कुटुंब न्यायालयातल्या तारखा, मग हुकूमनामा. तिच्या तीन पाळ्यांची मोजणी त्या हुकूमनाम्याच्या दिवसापासून सुरू होते.